पायवाटेचे विश्वस्त : तीर्थमार्गांच्या जतनाचा इतिहास

कार्तिकी पौर्णिमेस चातुर्मासाची सांगता होते. त्या दिवशी गावोगावचे श्वेतांबर संघ एखाद्या मोकळ्या जागी श्री शत्रुंजय गिरिराजाचा पट बांधतात आणि श्रावक-श्राविका पायी तेथे जाऊन भावयात्रा करतात. त्याच दिवशी पालीताण्यास, चार महिने यात्रेस बंद असलेली डोंगरावरची वाट पुन्हा खुली होते. आणि त्याच सुमारास चातुर्मासासाठी स्थिरावलेले साधू-साध्वी पुढील विहारास निघतात. स्मरणाची वाट, तीर्थाची वाट आणि विहाराची वाट अशा तिन्ही वाटा एकाच तिथीस सुरू होतात. तीर्थांच्या माहात्म्याविषयी आपल्या परंपरेत विपुल लेखन झाले आहे. परंतु या वाटा कोणी बांधल्या, कोणी झाडल्या, त्यांवरील पाण्याचे माठ कोणी भरले आणि तो खर्च वहीत कोणत्या खाती पडला, याकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले. एखाद्या विश्वस्त संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात हा हिशेब पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

स्मरणार्थ चालावयाच्या वाटेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे शत्रुंजयाची सहा गाऊंची प्रदक्षिणा होय. श्रीकृष्णाचे पुत्र शांब व प्रद्युम्न हे साडेआठ कोटी मुनींसह भाडवा डुंगरावर फाल्गुन शुद्ध त्रयोदशीस मोक्षास गेले, अशी श्रद्धा आहे. त्या घटनेच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या तिथीस लक्षावधी पावले एकाच वाटेने जातात. दादा आदिनाथांचे दर्शन घेऊन रामपोळीतून निघाले की देवकीच्या सहा पुत्रांची देरी लागते, पुढे उलकाजल, मग अजितनाथ-शांतिनाथांच्या देऱ्या, चंदन तलावडी, भाडवा डुंगर आणि शेवटी पायथ्याशी सिद्धवड. या प्रत्येक स्थानाला स्वतःची कथा आहे. अजितनाथ व शांतिनाथ यांच्या देऱ्या पूर्वी समोरासमोर होत्या, एकाचे स्तवन करताना दुसऱ्याकडे पाठ होई. नंदिषेण मुनींनी ‘अजितशांति’ स्तोत्र रचले तेव्हा त्या देऱ्या एका ओळीत आल्या, अशी परंपरा सांगते. कथा खरी मानावी की रूपक मानावी हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. वाट चालणाऱ्याला मात्र त्या ठिकाणी थांबून मागे-पुढे पाहावेसे वाटते, आणि स्मरणमार्गाचे प्रयोजन तेच असते.

ही वाट उतरून सिद्धवडापाशी आलेल्या यात्रेकरूचे पाय धुतले जातात. आदपर गावाच्या हद्दीत निरनिराळ्या गावांच्या संघांचे व मंडळांचे मांडव उभे असतात. त्यांना तेथे ‘पाल’ म्हणतात. ढेबरे आणि दही हा तेथील ठरलेला प्रसाद. एरवी वर्षभर डोंगर चढून उतरणाऱ्यास तळेटीवर ‘भाते’ मिळते. वाटेवर उकाळलेल्या पाण्याची सोय असते, विश्रांतीचे ओटे असतात, अशक्तांसाठी डोलीवाले असतात. साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्यांची ही वाट आणि तिच्यावरील ही सर्व व्यवस्था शेठ आणंदजी कल्याणजी पेढी पाहते. आणंदजी वा कल्याणजी नावाचे कोणी शेठ नव्हते. आनंद आणि कल्याण या दोन मंगल शब्दांवरून पेढीचे नाव पडले. पिढ्यान्पिढ्या चालणाऱ्या संस्थेला कोणा एका घराण्याचे नाव दिले नाही, यात आपल्या पूर्वजांचा व्यवहार दिसतो. १८८० मध्ये अहमदाबादेस ठिकठिकाणच्या संघांचे प्रतिनिधी जमले व पेढीची लेखी घटना तयार झाली. १९१२ मध्ये तिच्यात सुधारणा झाली.

पेढीच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे, की ज्यावरून वाटेचे विश्वस्त होणे म्हणजे काय याची कल्पना येते. पालीताण्याच्या गोहेल दरबाराशी १६५१ मध्ये पहिला रखोप्याचा करार झाला. रखोपा म्हणजे यात्रेकरूंच्या राखणीचा मोबदला. पुढे इंग्रजी अंमलात ही रक्कम वेळोवेळी ठरत व वाढत गेली. १८२१ मध्ये वार्षिक ४,५०० रुपये ठरले, १८६३ मध्ये मेजर कीटिंग यांच्या निवाड्याने १०,००० झाले, आणि १८८६ च्या करारान्वये चाळीस वर्षांसाठी १५,००० झाले. १८८६ च्या कराराचे महत्त्व रकमेत नव्हते. त्यापूर्वी यात्रेकरूंची डोकी मोजण्याचा प्रयोग झाला होता, आणि त्या मोजणीत साधा यात्रेकरू नाडला जाई. ठोक रक्कम पेढीने भरावयाची व वाटेवर कोणी कोणाला अडवावयाचे नाही, हे त्या करारामुळे साधले. दुकानदारीच्या भाषेत सांगावयाचे तर गिऱ्हाइकाला नाक्यावर न अडविता जकात एकरकमी भरून टाकावी, तसा हा प्रकार.

१९२६ च्या मार्चअखेर तो करार संपला. दरबारास पुन्हा डोईपट्टी हवी होती. एजन्सीच्या वॉटसनसाहेबांनी वार्षिक एक लाख रुपये ठरविले. पंधरा हजारांवरून एकदम एक लाख! तेव्हा पेढीच्या विश्वस्तांनी व हिंदुस्थानातील संघांनी निर्णय घेतला की १ एप्रिल १९२६ पासून शत्रुंजयाची यात्राच करावयाची नाही. ज्या वाटेसाठी शतकानुशतके धन वेचले, जीव टाकला, ती वाट स्वतःहून ओस ठेवावयाची! त्या काळातील वृद्ध श्रावक-श्राविकांना याचे काय वाटले असेल याची कल्पना करावी. कित्येकांची आयुष्यातली एकमेव यात्रा त्या दोन वर्षांत राहून गेली असेल. तरी बहिष्कार मोडला नाही. अखेर १९२८ मध्ये सिमल्यास व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या समक्ष तडजोड झाली, वार्षिक ६०,००० रुपये व मुदत पस्तीस वर्षे. १ जून १९२८ रोजी वाट पुन्हा खुली झाली. व्यापारी नजरेने पाहिले तर मूळ रकमेच्या चौपट देणे पत्करूनही हा विजय मानला गेला, कारण डोईपट्टी टळली. डोंगर चढणाऱ्याला पुन्हा कोणी मोजले नाही. या वाटाघाटींत शेठ कस्तुरभाई लालभाई हे प्रमुख होते, आणि त्यानंतर जवळजवळ अर्धशतक त्यांनी पेढीचे अध्यक्षपद सांभाळले. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली व रखोपा संपला.

गिरनारची कथा निराळी आहे. तेथील वाट बांधल्याची नोंद शिलालेखातच आहे. कुमारपाळ राजाच्या काळात, संवत १२२२ मध्ये म्हणजे इ. स. ११६६ च्या सुमारास, अंबाक नावाच्या अधिकाऱ्याने डोंगरावर पायऱ्यांची वाट केली. देऊळ बांधल्याचे शिलालेख पुष्कळ सापडतात, निव्वळ वाट बांधल्याचा लेख दुर्मीळ. पुढे सात शतकांत त्या पायऱ्या ढासळल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या पुन्हा बांधण्यासाठी पैसा उभा करावयाचा होता, तेव्हा १८८९ मध्ये चक्क लॉटरी काढण्यात आली, आणि १९०८ पर्यंत काम पुरे झाले. सप्तव्यसनांमध्ये द्यूताचा क्रमांक पहिला. भगवान नेमिनाथांच्या निर्वाणभूमीची वाट सोडतीच्या तिकिटांवर बांधली जावी हा योगायोग मौजेचा खरा. पण त्यातून एक गोष्ट उघड होते. देवळासाठी दाते पुढे येतात, वाटेसाठी युक्ती शोधावी लागते.

याचे कारण आपल्या हिशेबाच्या पद्धतीत आहे, आणि विश्वस्तांना ते ठाऊक असले तरी सामान्य सभासदांपुढे क्वचित मांडले जाते. देवापुढील बोली, भंडार, स्वप्नांच्या बोल्या यांचे उत्पन्न देवद्रव्यात जाते आणि ते मंदिर व मूर्तीशिवाय अन्यत्र वापरता येत नाही. ज्ञानखाते ग्रंथांसाठी, जीवदया मुक्या प्राण्यांसाठी. साधू-साध्वींच्या सेवेसाठी वैयावच्च खाते असते. उरलेल्या सर्व गोष्टी, म्हणजे रखवालदाराचा पगार, पाण्याची टाकी, दिवाबत्ती, वाटेवरच्या खोलीचे कौल फुटले तर त्याची दुरुस्ती, या साधारण खात्यावर पडतात. साधारण खात्याच्या पैशाला सातही क्षेत्रांत वाट मोकळी आहे, म्हणूनच त्याच्यावर सातही बाजूंनी ओढ असते, आणि बोली बोलताना हात वर होतात ते मात्र देवद्रव्याच्या वेळी. जी वाट वर्षानुवर्षे टिकली, तिच्यामागे कोणीतरी साधारण खात्याचा वेगळा विचार केलेला आढळतो. दिगंबर क्षेत्रांच्या हिशेबात खात्यांची नावे निराळी असली तरी दानाचा ओघ शिखर आणि वेदीकडे अधिक, धर्मशाळेच्या मोरीकडे कमी, हा अनुभव तिकडेही वेगळा नाही.

‘कायमी तिथी’ ही त्यावर शोधलेली जुनी युक्ती. दात्याने एकदा रक्कम ठेवावी, संस्थेने तिच्या व्याजातून दरवर्षी त्याच्या इच्छित दिवशी भाते, पाणी वा साधर्मिक भक्ती करावी व फलकावर नाव लिहावे. योजना चोख होती, पण तिच्यात व्याजदराचा विचार नव्हता. १९९० च्या दशकात बँकेच्या मुदत ठेवीवर बारा टक्क्यांपर्यंत व्याज मिळत असे. ५,००१ रुपयांच्या तिथीवर वर्षाला ६०० रुपये येत आणि त्यात पन्नास-साठ यात्रेकरूंचे भाते सहज होई. आज साडेसहा टक्क्यांच्या हिशेबाने तीच तिथी ३२५ रुपये देते. बेसन, तूप आणि गॅसचे भाव सर्वांना माहीत आहेत. फलकावर नाव कायम आहे, तिथीही दरवर्षी येते, फरक साधारण खात्यातून भरला जातो. जुन्या संस्थांच्या ताळेबंदात ही गळती कोणत्याही एका ओळीत दिसत नाही.

सम्मेद शिखरजीची वाट याहून लांब. मधुबनातून नऊ किलोमीटर चढ, वर नऊ किलोमीटर टोंकांची वंदना आणि नऊ किलोमीटर उतार, असे सत्तावीस किलोमीटर एका दिवसात, बहुतेकांचे अनवाणी. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणाची ही भूमी, आणि वरची वाट म्हणजे एका टोंकेवरून दुसऱ्या टोंकेवर नेणारे चरणपादुकांचे स्मरणच. आणंदजी कल्याणजी पेढीने १९१८ मध्ये पालगंजच्या राजाकडून पारसनाथ डोंगर २ लाख ४२ हजार रुपयांस खरेदी केला. त्या डोंगराच्या हक्कांवरून दोन्ही आम्नायांत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दावे चालले. त्यात गेलेल्या पैशांत किती पायऱ्या झाल्या असत्या हा हिशेब न केलेला बरा. १९५३ मध्ये बिहारच्या भूमिसुधार कायद्याखाली डोंगर सरकारजमा झाला. मालकी गेली, पण वाटेची सेवा संस्थांकडेच राहिली. मधुबनातील श्वेतांबर कोठी, दिगंबरांच्या तेरापंथी व बीसपंथी कोठ्या यांच्या धर्मशाळा चालू राहिल्या, गंधर्व नाल्यापाशी परतणाऱ्या यात्रेकरूंना अल्पोपाहार मिळत राहिला. २ ऑगस्ट २०१९ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेत तेथे पर्यटनास वाव ठेवला गेला, त्याविरुद्ध २०२२ च्या अखेरीस देशभर जैन समाज रस्त्यावर आला, आणि ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने पर्यटनाच्या तरतुदींना स्थगिती दिली. त्या आंदोलनात आम्नायभेद दिसला नाही.

महाराष्ट्रात मालकी नसताना वाट टिकविण्याचे मोठे उदाहरण अर्थातच पंढरीच्या वारीचे. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली, एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली. संस्थानाकडे रस्त्याची एक हातही जमीन नव्हती. मुक्कामाच्या प्रत्येक गावाने तळ, पाणी व भाकरीची जबाबदारी आपला मान म्हणून सांभाळली. परदेशातही अशीच गोष्ट घडली. स्पेनमधील सांतियागोची प्राचीन पदयात्रा विसाव्या शतकात जवळजवळ मोडली होती. १९८० च्या दशकात ओ सेब्रेरो या डोंगरी खेड्यातील एलियास वालिन्या नावाच्या धर्मगुरूने रस्त्यांसाठी वापरतात तो पिवळा रंग घेऊन झाडांवर, भिंतींवर, दगडांवर बाण काढले. त्यांच्या मागून ठिकठिकाणी मार्गमित्रांची मंडळे निघाली, आणि १९९३ मध्ये ती वाट जागतिक वारशाच्या यादीत गेली. आरंभ रंगाच्या डब्याने झाला. सरकार पुष्कळ नंतर आले.

आता गोंदियाकडे वळावे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण विहाराच्या नकाशावर गोंदियाचे स्थान त्याहून फार जुने आहे. नागपूर, भंडारा, तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर ही रेल्वेची ओळच साधूंच्या विहाराची ओळ आहे. पश्चिमेस रामटेक येथे श्री शांतिनाथ भगवंतांचे दिगंबर अतिशय क्षेत्र. पूर्वेस डोंगरगडला चंद्रगिरी. दक्षिणेस भद्रावती येथे विसाव्या शतकाच्या आरंभी स्वप्नातील दृष्टांतानंतर प्रकाशात आलेले स्वप्नदेव श्री केसरिया पार्श्वनाथ. गोंदिया या तिन्हींच्या मधल्या वाटेवर आहे. तीर्थ नसलेल्या परंतु तीर्थांच्या मध्ये असलेल्या गावाच्या संघाकडे जे काम येते ते नेमके वाटेचेच असते.

१८ फेब्रुवारी २०२४ रोजी परमपूज्य आचार्य श्री विद्यासागरजी महाराज यांचे डोंगरगडच्या चंद्रगिरीवर सल्लेखनापूर्वक समाधिमरण झाले. बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे १९४६ मध्ये जन्मलेल्या, १९६८ मध्ये अजमेर येथे मुनिदीक्षा घेतलेल्या या महापुरुषाने अर्धशतकाहून अधिक काळ पायीच देश पालथा घातला. रामटेकलाही त्यांचे चातुर्मास झाले. ते कोणत्या दिशेने निघणार हे आधी सांगत नसत; पाऊल ज्या वाटेवर पडेल तो विहार, आणि मागे श्रावकांची धावपळ. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी चंद्रगिरीवर त्यांच्या समाधिस्मारकाचा पायाभरणी समारंभ झाला. स्मारक भव्य होईल यात शंका नाही, त्यासाठी दाते पुष्कळ आहेत. रामटेक ते डोंगरगड ही वाट, जिच्या मध्यावर गोंदिया येते, तिचे काय, हा प्रश्न मात्र अद्याप कोणाच्या बोलीत आलेला नाही.

गोंदियाहून डोंगरगड लोहमार्गाने सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. साधूंच्या चालीने चार-पाच मुक्काम. आमगावपर्यंत धानाची सपाट खाचरे, सालेकशापुढे दरेकसा-बोरतलावचा जंगली घाट. वाटेतील अनेक खेड्यांत जैनांचे घर नाही. तेथे मुक्काम होतो तो शाळेच्या ओसरीत, ग्रामपंचायतीच्या खोलीत किंवा एखाद्या अजैन शेतकऱ्याच्या पडवीत. या अजैन बांधवांचे ऋण आपल्या स्मरणिकांत फारसे नोंदले जात नाही. हाच प्रदेश इतरांच्याही स्मरणमार्गांचा आहे. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेकडे माघ पौर्णिमेस गोंड बांधव हजारोंच्या संख्येने चालत जातात. ती त्यांच्या मूळ पुरुषांच्या स्मरणाची यात्रा आहे. नवरात्रात बमलेश्वरीच्या दर्शनास राजनांदगाव-दुर्गकडून डोंगरगडला पायी जाणाऱ्यांसाठी रस्त्याच्या कडेला सेवेचे मंडप लागतात. वाटेची सेवा कशी करावी हे शिकण्यास आपल्याला फार लांब जावयास नको.

विहारातील खरा धोका आता जंगलाचा राहिलेला नाही, तो वाहनांचा आहे. ईर्यासमितीने चार हात भूमी पाहत चालणारे साधू-साध्वी आणि पहाटेच्या धुक्यात भरधाव येणारा ट्रक, यांची गाठ पडून झालेले अपघात समाजाने वारंवार सोसले आहेत. अनेक गावी तरुणांचे विहारसेवा गट चमकणारे जाकीट घालून पुढे-मागे चालतात, ही अलीकडच्या काळातील उत्तम प्रथा. पण दोन मुक्कामांमधील अंतर वीस किलोमीटर असेल तर अंधारात निघण्याचा मोह होतोच. मध्ये एक खोली, एक विहीर आणि कुलपाची किल्ली ठेवणारा एक माणूस असेल तर तो मोह टळतो. खोली बांधणे सोपे आहे, एका दात्याचे काम आहे. तिसरी गोष्ट कठीण, कारण तिला दरमहा पगार लागतो.

जमिनीची बाब त्याहून नाजूक. जुन्या काळी कोणा ओळखीच्या शेतकऱ्याच्या तोंडी परवानगीने रस्त्याकडेला खोली उभी राही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालील नोंदवहीत ती चढत नसे, सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचेच. रस्ता रुंद झाला की खोली पडते, मोबदला सातबारा पाहून दिला जातो, आणि संस्थेच्या हाती दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी तेवढी उरते. अशा पाट्या कित्येक उपाश्रयांच्या माळ्यावर आहेत. ज्या संस्थांनी खरेदीखत करून, परिशिष्टात नोंद करून, धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज वेळेवर दाखल केला, त्यांना तरी मोबदल्यातून पलीकडे दुसरी खोली बांधता आली.

लहान गावांतील संघ आता आक्रसत आहेत. मुले शिक्षणासाठी नागपूर-पुण्यास जातात ती तिकडचीच होतात. दुकान चालते, पण घर दोन वृद्धांचे उरते. गोचरीसाठी घरे, चौक्यासाठी हात आणि विहारात सोबतीला पाय, तिन्ही कमी पडू लागले आहेत. अशा स्थितीत एका गावच्या ट्रस्टने एकट्याने वाट सांभाळणे दिवसेंदिवस अवघड होणार. गोंदिया, आमगाव, डोंगरगड, राजनांदगाव येथील संघांनी, आम्नाय न पाहता, विहारमार्गासाठी एक सामायिक निधी ठेवावा व त्याचे व्याज फक्त किल्ली, पाणी व डागडुजी यांवर खर्च व्हावे, अशी योजना करता येण्यासारखी आहे. दोन राज्यांतील संस्था असल्याने निधी एकाच्या वहीत ठेवून बाकीच्यांनी वार्षिक वर्गणी देणे हे हिशेबाला सोयीचे पडेल.

त्याआधी करावयाचे एक काम बिनखर्चाचे आहे. कोणत्या खेड्यात कोणाच्या पडवीत उतरावे, शाळेची किल्ली कोणाकडे असते, कोणत्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात आटते, घाटात कोणत्या वळणावर रस्ता अरुंद आहे, ही माहिती आज बहुतेक गावी एखाद्या वृद्ध मुनीमजींच्या किंवा ज्येष्ठ श्रावकाच्या स्मरणात असते. कागदावर ती क्वचितच उतरते. चातुर्मासात विश्वस्त, कार्यकर्ते व साधू-साध्वी भगवंत सर्व एका ठिकाणी असतात. त्या चार महिन्यांत मुक्कामांची अशी यादी लिहून, तिच्या प्रती पुढील गावांच्या संघांना कार्तिकी पौर्णिमेपूर्वी पाठविता येतील.